उत्तर मुंबई मतदारसंघ: मेनन यांचा आणि आजचा एकच मानावा का?

चारकोपकर:
उत्तर मुंबई लोकसभा मतदारसंघाचा इतिहास सांगताना कृष्ण मेनन यांच्यापासून पीयूष गोयल यांच्यापर्यंत एक सलग यादी दिली जाते. भाजपचे राम नाईक १९८९ ते १९९९ या काळात येथून लागोपाठ पाच वेळा निवडून आले, मात्र २००४ आणि २००९ मध्ये पराभूत झाले. २०१४ पासून भाजपचे मताधिक्य साडेतीन लाखांच्या खाली आलेले नाही. मतदारांचा कौल एवढा बदलला, की मतदारसंघच बदलला?

नोंदवही:
सलग यादी हीच मुळात फसवी आहे. मेनन १९५७ मध्ये पीटर अल्वारिस यांना आणि १९६२ मध्ये आचार्य कृपलानी यांना हरवून निवडून आले. दुसरी लढत गोवामुक्तीनंतर दोनच महिन्यांनी झाल्यामुळे संरक्षणमंत्री म्हणून त्यांचे पारडे जड होते. १९६७ मध्ये काँग्रेसने त्यांना उमेदवारी नाकारली, तेव्हा ते अपक्ष म्हणून उभे राहिले ते ईशान्य मुंबईतून. तेथे काँग्रेसचे स. गो. बर्वे जिंकले, आणि नव्याने स्थापन झालेल्या शिवसेनेने 'दाक्षिणात्य' मेनन यांच्याविरुद्ध प्रचार केला. बर्वे यांचे लगेचच निधन झाल्याने झालेल्या पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी तारा सप्रे यांनी मेनन यांना पुन्हा हरवले.

'उत्तर मुंबई' हे नाव १९७७ मध्ये परत आले, आणि निवडून आल्या गोरेगावच्या, पाण्याच्या प्रश्नावरील आंदोलनांमुळे 'पाणीवाली बाई' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जनता पक्षाच्या मृणाल गोरे. 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात' ही घोषणा तेव्हाचीच. रायबरेलीत इंदिरा गांधी हरल्यामुळे ती अक्षरशः खरी ठरली. म्हणजे ज्याला आपण काँग्रेसचा जुना गड म्हणतो, त्याची आणीबाणीनंतरची सुरुवात समाजवाद्यांपासून झाली. १९८० मध्येही जनता पक्षाचेच रवींद्र वर्मा आले. काँग्रेसला अनुपचंद शहा यांच्या रूपाने ही जागा मिळाली ती १९८४ च्या लाटेत.

पाचूबंदर:
नोंदवही यांच्या विवेचनात वसई राहून गेली. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेपूर्वी वसई विधानसभा मतदारसंघ उत्तर मुंबईतच होता, आणि २००४ चा निकाल समजून घ्यायचा तर तेथूनच सुरुवात करावी लागते. तेव्हा नाईकांना हरवणारे काँग्रेसचे उमेदवार, अभिनेते गोविंदा हे मूळचे विरारचे, 'विरार का छोकरा' म्हणून ओळखले जाणारे. त्यात वसई-विरारचे नेते हितेंद्र ठाकूर यांचे बळ त्यांच्या पाठीशी होते. पेट्रोलियम मंत्री असलेले, लोकल प्रवाशांच्या प्रश्नांवर आयुष्यभर काम केलेले नाईक एका अभिनेत्याकडून हरले, एवढेच लोकांच्या लक्षात राहिले. पण निव्वळ पडद्यावरची लोकप्रियता पुरेशी असती, तर २०१९ मध्ये ऊर्मिला मातोंडकर साडेचार लाखांहून अधिक मतांनी हरल्या नसत्या. तोवर वसई पालघर मतदारसंघात आणि गोरेगाव वायव्य मुंबईत गेले होते. उरले ते दहिसर, बोरिवली, मागाठाणे, कांदिवली पूर्व, चारकोप आणि मालाड पश्चिम.

नोंदवही:
वसईचा मुद्दा मान्य आहे, पण सीमांवर सगळा भार टाकता येणार नाही. २००९ ची निवडणूक याच नव्या सीमांवर झाली, आणि तरीही काँग्रेसचे संजय निरुपम यांनी नाईकांना ५,७७९ मतांनी हरवले. मनसेच्या उमेदवाराला लाखाहून अधिक मते पडली होती. ती मते नसती तर निकाल काय लागला असता, हे कागदावर मांडणे सोपे आहे, पण ती सगळी भाजप-शिवसेना युतीकडेच गेली असती असे मी धरणार नाही. २०१४ मध्ये त्याच सीमा, तेच निरुपम, आणि भाजपचे गोपाळ शेट्टी ४,४६,५८२ मतांनी विजयी! पाच वर्षांत एवढी उलथापालथ नकाशाने होत नाही, ती मोदी लाटेने झाली.

चारकोपकर:
मग युतीचा वाटा किती धरायचा? २०२४ मध्ये उद्धव ठाकरे यांची शिवसेना काँग्रेसच्या बाजूने होती.

पाचूबंदर:
फार नाही. शेट्टींच्या जागी प्रथमच लोकसभा लढवणारे गोयल आले, तरी काँग्रेसचे भूषण पाटील यांच्याविरुद्ध त्यांना ३,५७,६०८ चे मताधिक्य मिळाले. २०१९ च्या तुलनेत ते लाखभराने घटले, इतकेच.