'डिफरन्शिएटेड टू' की 'इन्टू'? थिसिसमध्ये नक्की काय लिहायचं

पेट्रीडिश: थिसिसचे रिझल्ट्स लिहितेय, मेसेन्कायमल स्टेम सेल्सपासून (हाड, कूर्चा, चरबी अशा पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशी) फॅट सेल्स, म्हणजे ॲडिपोसाइट्स, बनवलेत; या बदलण्यालाच डिफरन्शिएशन म्हणतात. माझं वाक्य होतं 'द सेल्स गॉट डिफरन्शिएटेड टू ॲडिपोसाइट्स', गाइडनी 'गॉट' आणि 'टू' दोन्हींना लाल गोल मारलाय आणि बाजूला नुसतं प्रश्नचिन्ह. पेपर्समध्ये बघावं तर कुठे 'इन्टू', कुठे 'वेअर डिफरन्शिएटेड इन्टू', कुठे 'फ्रॉम', डोकं फिरलंय. आणि पुढे 'थ्री सेल लिनिएजेस वेअर कल्चर्ड' लिहिलंय, ते चालेल ना? शुक्रवारी ड्राफ्ट द्यायचाय.

लाल_पेन: 'गॉट' आधी उडव, ते बोलण्यातलं आहे. पेशी शरीरात आपणहून बदलतात तेव्हा साधं 'सेल्स डिफरन्शिएट इन्टू ॲडिपोसाइट्स'. तू डेक्सामेथासोन, इन्सुलिन वगैरे घालून करवून घेतलंस, मग 'सेल्स वेअर इन्ड्यूस्ड टू डिफरन्शिएट इन्टू' लिही, कोणी बोट ठेवणार नाही. 'वेअर डिफरन्शिएटेड इन्टू' लॅबवाले सर्रास लिहितात, पण एखादा जुन्या वळणाचा परीक्षक अडवतोच. 'फ्रॉम' मात्र जपून. 'वी डिफरन्शिएटेड ॲडिपोसाइट्स फ्रॉम स्टेम सेल्स' वाचून असं वाटतं की तू दोघांतला फरक ओळखलास, बनवलं काहीच नाहीस!

वंशावळ: लिनिएज नाही चालणार. तुला 'सेल लाइन' म्हणायचं असेल, म्हणजे लॅबमध्ये सतत वाढवत ठेवलेल्या पेशी. हीला ही अशी लाइन, 1951 मध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या ट्यूमरमधून घेतलेली, आजही वाढतेय. लिनिएज म्हणजे कुठली पेशी कुणापासून झाली तो वंश. सी. एलिगन्स नावाच्या कृमीत तो अंड्यापासून प्रौढापर्यंत पेशीगणिक काढलाय, प्रौढ हर्माफ्रोडाइटमध्ये (उभयलिंगी कृमीत) शरीरपेशी 959. तुझ्या पेशी कुठून आल्यात?

पेट्रीडिश: तीन डोनर्सच्या नाळेतून

वंशावळ: मग सरळ 'सेल्स फ्रॉम थ्री डोनर्स' लिही ना, कशाला लाइन आणि कशाला लिनिएज. आणि कुठे प्लुरिपोटंट लिहिलं असशील तर आत्ताच शोधून काढ, या पेशींना मल्टिपोटंट म्हणतात, म्हणजे मोजक्याच प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या. प्लुरिपोटंट म्हणजे शरीरातली जवळपास कुठलीही पेशी बनू शकणाऱ्या, जशा गर्भातल्या एम्ब्रियोनिक स्टेम सेल्स, किंवा शास्त्रज्ञ शिन्या यामानाकांनी 2006 मध्ये उंदराच्या पेशींपासून बनवलेल्या आयपीएस (साध्या पेशी मागे नेऊन पुन्हा प्लुरिपोटंट केलेल्या).

चहा_बिस्किट: एवढं कोण बघतं हो, 'टू' चं 'इन्टू' करा आणि द्या

लाल_पेन: व्हायवाला बसणारे बघतात. ॲडिपोसाइट झाल्याचा पुरावा काय आहे तुझ्याकडे, फक्त ऑइल रेड ओ (चरबी लाल रंगवणारा डाय)?

पेट्रीडिश: हो, लाल थेंब छान दिसतायत, फोटो आहेत. जीन एक्स्प्रेशन अजून केलं नाही

लाल_पेन: मग 'डिफरन्शिएटेड' एवढं ठाम नको. तो डाय चरबीला चिकटतो, पेशीची ओळख नाही सांगत. 'द सेल्स ॲक्युम्युलेटेड लिपिड ड्रॉप्लेट्स, कन्सिस्टंट विथ ॲडिपोजेनिक डिफरन्शिएशन', इथपर्यंतच थांब. पीपीएआर गॅमाचं (फॅट सेल बनण्यामागचा मुख्य जीन) आरटी-पीसीआर, म्हणजे तो जीन चालू आहे का ते बघणारी चाचणी, झाली की मग जोर लाव. आणि 'कमिटेड', 'डिटरमाइन्ड' असले, पेशीचं भवितव्य पक्कं ठरलंय सांगणारे शब्द सापडले तर तेही काढ. डिटरमाइन्ड म्हणायचं तर पेशी गर्भाच्या दुसऱ्या भागात नेऊन ठेवली तरी ती ठरलेलंच बनली हे दाखवावं लागतं, तो प्रयोग तू केलेला नाहीस.

पेट्रीडिश: 'कमिटेड' चार ठिकाणी आहे 😭 काढते. प्रायमर्स फ्रीजमध्ये पडलेत, उद्या पीसीआर लावते.