उतारावर ट्रॅक्टर कलंडायला बघतो, जोडचाकं लावू का वजनं? सल्ला हवाय

माळरान_मुरबाड:
नमस्कार मंडळी, राहायला कळव्यात, शेती मुरबाडला टोकावड्याकडे. खाली भाताची खाचरं आणि वर वरकस, म्हणजे उताराची हलकी जमीन, तिथं नाचणी-वरी करतो. 27 एचपीचा छोटा ट्रॅक्टर आहे. परवा माळावर आडवा चालवताना वरच्या अंगाचं मागचं चाक चक्क हवेत उचललं, धाकटा भाऊ चालवत होता, त्याने स्टेअरिंग उताराकडे फिरवलं म्हणून वाचला, मी बांधावरून बघत होतो, हातपायच गळाले. मागे जोडचाकं लावू, म्हणजे दोन्ही चाकांना बाहेरून आणखी एकेक चाक, की लोखंडी वजनं?

शहापूर_भातवाला:
जोडचाकं नको दादा. आपल्या खाचरात वळणार कुठे, बांध फुटतील, आणि बाहेरच्या चाकाचा सगळा ताण एक्सलवर आणि बेअरिंगवर येतो. चिखलणीची केजव्हील, म्हणजे पिंजऱ्यासारखी लोखंडी चाकं, लावून माळावर जायचा विचार तर अजिबात करू नका, मुरमावर ती सरळ घसरतात.

बदलापूरचा_काका:
आधी बिनखर्चाचं करा. चाकाची डिस्क, म्हणजे मधली तबकडी, वाकदार असेल तर मागची चाकं अदलाबदल करा, डावं उजवीकडे उजवं डावीकडे, चाकांतलं अंतर वाढतं आणि टायरच्या नक्षीची दिशा तशीच राहते, फक्त दोन-तीन तास चालवून नट परत आवळायचे. हिशोब बघा, अंतर 48 इंच आणि ट्रॅक्टरच्या वजनाचा मध्य 30 इंच उंचीवर धरला तर उभा ट्रॅक्टर साधारण 39 अंशाला पडतो, अंतर 60 केलं तर 45 ला. पण हे कागदावर, कारण पुढचा एक्सल मधल्या पिनेवर डुलतो त्यामुळे पुढची चाकं सुरुवातीला आधार देतच नाहीत, खरा आधार तिकोनी. त्यात वरच्या चाकाखाली 6 इंचाचा दगड आला की 7 अंश तिथेच गेले.

मग मागच्या टायरात पाणी. व्हॉल्व्ह वर ठेवून भरलं की साधारण 75 टक्के भरतं, पण उतारासाठी मी निम्मंच भरतो म्हणजे वजन खाली राहतं. आपल्याकडे गोठायची भीती नाही, साधं पाणी चालतं. पुढच्या बंपरची वजनं तोंड उचलू नये म्हणून असतात, बाजूला पडण्यावर त्यांचा भरवसा धरू नका.

माळरान_मुरबाड:
काका खूप आभार, डिस्क वाकदारच आहे, रविवारी चाकं बदलतो. रोटावेटर उचलूनच वळायचो, ते चुकतंय का?

बदलापूरचा_काका:
हो, उचलला की वजन वर जातं. उतारावर जमेल तितका खाली ठेवा, वळण सपाटीवर घ्या, डाव्या-उजव्या चाकांच्या ब्रेकची दोन्ही पेडल जोडून ठेवा आणि उतरताना न्यूट्रल कधीच नाही. आणि भावासाठी रोलबार, म्हणजे सीटमागची लोखंडी कमान, आणि सीटबेल्ट दोन्ही बसवा, बेल्टशिवाय रोलबार असला तरी माणूस बाहेर फेकला जाऊन खाली सापडतो. तोवर त्या पट्ट्यात बैलं घाला.

माळरान_मुरबाड:
बैलवाल्याला आत्ताच फोन केला, सोमवारी येतोय.