नगरपरिषद म्हणते निधी नाही. नाल्यातल्या सांडपाण्यासाठी दाद कुठे मागावी? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

कायद्याच्या जाणकारांकडून, विशेषतः राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात (पर्यावरणाचे वाद ऐकणाऱ्या खास न्यायालयात) किंवा नगरपरिषदेविरुद्ध प्रकरण चालवलेल्यांकडून सल्ला हवा आहे.

आमचं तालुक्याचं गाव. नाव मुद्दाम देत नाही. निम्म्याहून अधिक गावाचं सांडपाणी एका उघड्या नाल्यात सोडलंय आणि तो नाला आमच्या आळीच्या मागून वाहतो. काठाला लागून जुनी विहीर आहे, जिचं पाणी पूर्वी सगळी आळी प्यायची. आता पोहरा वर ओढला की दोराला काळपट, बुळबुळीत थर लागतो. कळशीतलं पाणी सकाळपर्यंत वास मारायला लागतं. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत नमुना तपासून घेतला, तर कोलिफॉर्म जिवाणू (पाण्यात मैला मिसळल्याची खूण) सापडले आणि ‘पिण्यास अयोग्य’ असा अहवाल आला. तरीही उन्हाळ्यात नळाला पाणी नसलं की लोक तेच भरतात, करणार काय? पावसाळा लागला की घरोघरी जुलाब, कावीळ. यंदा शेजारची दोन्ही पोरं एकाच आठवड्यात सलाइनवर होती.

नगरपरिषदेला सह्यांचे अर्ज दिले, पोच घेतली. लेखी उत्तर एवढंच, की भुयारी गटारासाठी निधी उपलब्ध नाही. तोंडी वर ऐकवलं की संविधानातलं पर्यावरणाचं कलम मार्गदर्शक तत्त्वांत (सरकारने धोरण आखताना पाळायच्या तत्त्वांत) येतं, त्यावरून कोर्टात जाता येत नाही.

हे अर्धंच खरं आहे, असं माझं वाचन सांगतं. कलम ३७ नुसार मार्गदर्शक तत्त्वं थेट न्यायालयातून बजावून घेता येत नाहीत, पण त्याच कलमात ती राज्यकारभाराला मूलभूत आहेत असंही म्हटलंय. कलम ४७ सार्वजनिक आरोग्याचं, ४८अ पर्यावरणाचं (१९७६ ची ४२ वी घटनादुरुस्ती). शिवाय सुभाषकुमार विरुद्ध बिहार राज्य (१९९१) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा कलम २१ च्या जगण्याच्या हक्कात धरली. ती याचिका फेटाळली गेली होती, कारण ती वैयक्तिक हेतूने केल्याचं न्यायालयाला दिसलं. म्हणून आम्ही एकट्याच्या नावाने काही करणार नाही, अख्खी आळी अर्जदार असेल.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो मध्य प्रदेशातल्या रतलाम नगरपालिकेचा १९८० चा निकाल. उघडी गटारं, शौचालयांचा अभाव, मद्यार्क कारखान्याचं दुर्गंधीचं पाणी. रहिवासी दंडाधिकाऱ्यांकडे गेले आणि आदेश मिळवला. नगरपालिका पैसे नसल्याचं सांगत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. न्या. कृष्ण अय्यर यांनी ती सबब साफ नाकारली. लोकांचं आरोग्य राखणं हे नगरपालिकेचं कायदेशीर कर्तव्य आहे, पैसे नाहीत म्हणून ते टाळता येणार नाही, असा निकाल दिला. आमच्या हातातल्या उत्तरात तीच सबब आहे!

तो आदेश जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली (सार्वजनिक उपद्रव हटवण्याचं कलम) होता. आता त्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२ आहे. त्याखाली प्रांतांकडे (उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे) अर्ज केलेला कुणी आहे का? आदेश निघाला का, आणि निघाल्यावर नगरपरिषदेने तो पाळला का? हा मार्ग जवळचा आणि कमी खर्चाचा, म्हणून माझा कल तिकडे आहे.

की सरळ पुण्याच्या हरित न्यायाधिकरणात जावं? तिथे हरित न्यायाधिकरण कायद्याच्या कलम १४ खाली वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांची मुदत आहे (फार तर आणखी ६० दिवस). नाला तर वर्षानुवर्षं वाहतोय. मग मुदत कधीपासून धरतात? रोज नव्याने होणारं प्रदूषण म्हणून मांडता येतं का? महाराष्ट्राच्या नगरपरिषद अधिनियम १९६५ च्या कलम ४९ मधली कर्तव्यं दाखवून उच्च न्यायालयात रिट (कर्तव्य पार पाडायला लावण्याची याचिका) करणं अशा प्रकरणात जास्त परिणामकारक ठरतं का?

पाण्याचा अहवाल, फोटो, दवाखान्याचे कागद आणि नगरपरिषदेचं उत्तर एवढं जमवलंय. आणखी काय जोडावं? पुढच्या पावसाळ्याआधी अर्ज दाखल करायचा आहे, तेव्हा कुणाकडे अर्जाचा नमुना असेल तर कृपया इथेच द्या.