प्रतिसाद: शिवडीच्या जलरंग चित्रातलं प्रतिबिंब

प्रश्न असा होता की मुंबईतल्या शिवडीच्या खाडीकाठचं चित्र काढताना क्रेन आणि गोदामाचं पाण्यातलं प्रतिबिंब चिकटवल्यासारखं का दिसतं. मुख्य कारण म्हणजे वरची आकृती जशीच्या तशी उलटी काढली जाते. काठापासून मागे असलेल्या इमारतीचा खालचा भाग पाण्यात दिसतच नाही, काठ तो झाकतो. धक्क्याची मात्र खालची बाजू दिसते, फळ्या-तुळयांसकट, जी वरून आपल्याला दिसत नाही. ती काढली की चित्र लगेच पाण्यावर बसतं.

दुसरं म्हणजे छटा. गडद वस्तू पाण्यात थोडी फिकी आणि उजळ वस्तू थोडी गडद होते. खाडीचं पाणी गढूळ, त्यामुळे गडद भागात मातकट रंग वर येतो. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळून होणाऱ्या राखाडीत सिएना जास्त ठेवा. शुद्ध काळा नको.

३०० जीएसएम (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम, म्हणजे जाड) कॉटन कागद ओला करून आधी प्रतिबिंबाचे उभे फटकारे मारा. ओलाव्याची चमक गेली, पण कागद अजून गार लागतोय, तेव्हा चपटा ब्रश पिळून दोन-तीन आडव्या रेघांनी रंग उचला, म्हणजे ओला रंग टिपून काढा. याहून जास्त नको, पाणी चिरल्यासारखं दिसतं. पावसाळ्यात कागद फार वेळ ओला राहतो, घाई केली की फुलकोबीसारखे डाग पडतात.

आणि भरतीचं वेळापत्रक बघूनच जा. भरती-ओहोटीत साधारण सहा तासांचं अंतर; ओहोटीला शिवडीत समोर नुसता चिखल. भरती पूर्ण होऊन पाणी थबकतं तेव्हा, वारा नसेल तर, प्रतिबिंब सर्वांत स्वच्छ मिळतं. पाण्याची रेषा तेव्हाच पेन्सिलीने पक्की करा, नंतर ती उतरत राहते.