हिस्टॉरिक की हिस्टॉरिकल? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
एका मराठी लेखाचं इंग्रजी भाषांतर करतेय आणि दोन दिवस एकाच शब्दापाशी अडकलेय. लेखात 'ऐतिहासिक' हा शब्द अकरा वेळा आलाय, मी सगळीकडे सरसकट हिस्टॉरिक टाकलं, संपादकांनी त्यातले आठ खोडून हिस्टॉरिकल केले आणि तीन तसेच ठेवले. कारण विचारलं तर म्हणाले, वाचताना खटकतं. पण मला मुळातून समजून घ्यायचंय, नाहीतर पुढच्या लेखात परत तेच होणार.

डिक्शनरीत बघून जे कळलं ते असं, चुकत असेल तर सांगा. हिस्टॉरिक म्हणजे इतिहासात ज्याचं नाव राहील असं मोठं काहीतरी. हिस्टॉरिकल म्हणजे भूतकाळातलं किंवा इतिहासाशी संबंधित, मग ते महत्त्वाचं असो वा नसो. म्हणजे २० जुलै १९६९ ला माणूस चंद्रावर उतरला तो क्षण हिस्टॉरिक, पण त्याच दिवशी एखाद्या गावात किती पाऊस पडला त्याची नोंद हा हिस्टॉरिकल डेटा. तसंच हिस्टॉरिकल नॉव्हेल म्हणजे जुन्या काळावर बेतलेली कादंबरी, आणि तिथे हिस्टॉरिक लावलं तर त्या कादंबरीनेच इतिहास घडवला असा अर्थ होतो. इथवर पटलं. मराठीत 'ऐतिहासिक निर्णय' आणि 'ऐतिहासिक कादंबरी' दोन्ही बिनदिक्कत चालतात, त्यामुळे हा फरक करायची आपल्याला सवयच नाही.

घोडं अडलंय ते या वाक्यावर: "माळ्यावरच्या पेटीत काही ऐतिहासिक पत्रं सापडली." इथे दोन्ही बसतात की! संपादकांनी हिस्टॉरिकल केलंय, पण का?

आणि अजून एक, जुनी गोष्ट "राजा उठतो, तलवार उचलतो" अशी वर्तमानकाळात सांगतात त्याला इंग्रजी व्याकरणात हिस्टॉरिक प्रेझेंट म्हणतात. वरच्या हिशोबाने तिथे हिस्टॉरिकल नको का? प्लीज कोणीतरी सांगा.

प्रतिसाद:
ताई, तुमचं बरोबर आहे. मी भाषांतर करताना 'ऐतिहासिक'च्या जागी आधी 'इतिहास घडवणारा' टाकून बघतो, वाक्य टिकलं तर हिस्टॉरिक. टिकलं नाही आणि 'जुन्या काळचा' किंवा 'इतिहासाचा' बसलं तर हिस्टॉरिकल. हिस्टॉरिक प्रेझेंटचं म्हणाल तर पूर्वी हे दोन्ही शब्द दोन्ही अर्थांनी वापरायचे, वाटणी नंतर झाली, आणि हे नाव जुन्या वळणाचंच राहिलं. हिस्टॉरिकल प्रेझेंट असंही लिहितात, दोन्ही चालतं. पत्रांचं मात्र व्याकरणाने सुटणार नाही, त्यात काय लिहिलंय ते मूळ लेखकालाच विचारा. एखादा तह त्या पत्रांवरून ठरला असेल तर हिस्टॉरिक, नाहीतर नाही.

धागाकर्ती:
खूप खूप आभार! लगेच लेखकांना फोन केला. पत्रं घरगुती आहेत, पेरणी कधी केली, गाय व्याली, धाकट्याचा ताप उतरला असं सगळं. म्हणजे हिस्टॉरिकल. आता उरलेली दहा वाक्यं याच पद्धतीने परत तपासायला बसतेय.