१९ इंची रिम आणि ग्रिप
ट्रॅकवर कार पळवायला '१९ इंची रिम टाकली की ग्रिप वाढते' हे इथे आधी कुणीतरी मांडलेलं मत पटलं नाही. ग्रिप येते कंपाउंडमधून, म्हणजे टायरच्या रबराच्या मिश्रणातून. मोठ्या रिमनं वजन परिघाकडे सरकतं, बाकी फोटो छान येतात. ब्रेक कॅलिपर (ब्रेकची डिस्क आवळणारा भाग) रिमच्या आत बसत असेल तर उलट १७ इंचीवर या: २२५/४० आर१८ टायरऐवजी २३५/४५ आर१७ घेतलं (आकडे क्रमानं: रुंदी मिमीमध्ये, रुंदीच्या किती टक्के उंची, रिमचे इंच) तर चाकाच्या एकूण व्यासात जेमतेम ६ मिमी फरक.

टायरमधल्या हवेबद्दल मात्र कुणीच बोललं नाही. तापमान साधारण साडेपाच अंश सेल्सिअसनं बदललं की हवेचा दाब १ पीएसआय (दाबाचं एकक) इकडेतिकडे होतो. आपल्या सोलापुरात मे महिन्याच्या दुपारी भरलेली हवा कोइमतूरच्या करी स्पीडवे या रेस ट्रॅकवर सकाळच्या गारव्यात मोजली तर कमीच दिसणार. ट्रॅकवरून आत आल्या आल्या, टायर गरम असतानाच मोजा आणि जास्तीची सोडा. घरी निघताना पुन्हा भरायला विसरू नका, नाहीतर हायवेचा एक खड्डा रिमचं काम तमाम करतो.