सल्ला हवा: 1968 ची पेट्रोल जीप, हरिकेन इंजिन. घ्यावी का?

सड्यावरचा

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यात सड्यावर आमची काजू-आंब्याची बाग आहे. वाडीतून वर जाणारा रस्ता कातळाचा, आणि पावसात शेवटच्या चढाला पिकअप जागेवरच चाक फिरवते. कोल्हापूरकडे महिंद्राची सीजे-3बी बघून आलोय. 1968 चं मॉडेल, फोर बाय फोर चालू, मूळचंच पेट्रोल हरिकेन इंजिन. आता बहुतेक वेळ शेडमध्येच उभी असते. आम्ही गेलो तेव्हा इंजिन आधीच गरम करून ठेवलं होतं. चालवताना एक सिलिंडर मिस मारतोय (मध्येच पेटत नाही) असं वाटलं.

काम एवढंच: खत वर न्यायचं, पेट्या खाली आणायच्या, आठवड्याला राजापूरचा बाजार. इंजिनावर भरवसा ठेवावा का? पार्ट मिळतात का? आमचा मेस्त्री म्हणतो पेट्रोल काढून डिझेल बसव. मनाला पटत नाही, पण खर्चही बघायला हवा.

लोगिअर

तुमच्या कामासाठी हे इंजिन फार योग्य आहे, पण ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला इंजिनाचा ओतीव भाग, शाबूत असेल तरच. बॉडी, रंग, हूड यांच्याकडे आत्ता बघूच नका.

हरिकेन म्हणजे 134 घनइंचाचं, आपल्या हिशेबात 2199 सीसीचं इंजिन. बोअर 79.4 मिमी आणि स्ट्रोक तब्बल 111.1 मिमी. ताकद 4000 फेऱ्यांना साधारण 72 अश्वशक्ती, पण तुम्हाला कामाचा आकडा टॉर्कचा: 114 फूट-पाउंड, तोही 2000 फेऱ्यांना. म्हणून लो गिअर टाकून ही जीप भरल्या हौद्यानिशी कातळावरून सावकाश चढते, क्लच जाळावा लागत नाही. युद्धकाळातल्या जीपचं इंजिन साइड व्हॉल्वचं (सगळे व्हॉल्व बाजूला ब्लॉकमध्ये), 60 अश्वशक्तीचं होतं. त्याच्याच ब्लॉकच्या मापात विलिज या मूळ अमेरिकन जीप कंपनीने इनटेक (हवा-पेट्रोल आत घेणारे) व्हॉल्व वर हेडमध्ये, म्हणजे ब्लॉकवरच्या झाकणात नेले आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारे) खाली ब्लॉकमध्येच ठेवले. इंजिन उंच झालं, म्हणून 1953 ला आलेल्या 3बीचं बॉनेट एवढं उभं दिसतं. मुंबईत महिंद्राने हीच गाडी पुढे कितीतरी वर्षं बनवली.

आता मिस मारण्याबद्दल. कॉइल, पॉइंट, डेल्कोची (डिस्ट्रिब्युटरची) कॅप, प्लगच्या वायरी हे आधी तपासा, स्वस्तात सुटेल. तिथे काही नसेल तर संशय एक्झॉस्ट व्हॉल्ववर. त्यांचे टॅपेट (व्हॉल्व उचलणारे भाग) बाजूच्या झाकणाआड, मॅनिफोल्डच्या खाली येतात. हात पोचायला त्रास होतो म्हणून पुष्कळ मेस्त्री वरचे इनटेक सेट करतात आणि खालचे तसेच सोडतात. टॅपेट आणि व्हॉल्वमधला गॅप बुजत जातो, व्हॉल्व नीट बसत नाही आणि जळतो. थंड इंजिनावर इनटेक 0.018 इंच, एक्झॉस्ट 0.016 इंच. समोर बसून करून घ्या.

परत जाल तेव्हा आदल्या रात्रीपासून गाडी चालू करू नका असं मालकांना सांगून ठेवा. थंड इंजिन कसं सुरू होतं ते स्वतः बघा. मग गरम करून चारही प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा धरा आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजा. मूळ कॉम्प्रेशन रेशो 6.9 चाच आहे, आकडा फार मोठा येणार नाही. चारही सिलिंडर 10 पीएसआयच्या आत एकसारखे हवेत. एखादा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व.

रेडिएटरमध्ये बुडबुडे किंवा ऑइलला दुधाळ रंग दिसला तर गॅस्केट असू शकतं, नाहीतर ब्लॉकला चीर. ही चीर एक्झॉस्ट सीटपासून बोअरकडे जाते आणि हेड काढल्याशिवाय दिसत नाही. मालक हेड उघडू देत असतील तर खर्च तुम्ही करा, किंमत त्यानंतर ठरवा. मेस्त्रीला एक बजावा: हेडचा एक बोल्ट कार्बोरेटरच्या खाली, इनटेकच्या वाटेत लपलेला असतो. तो राहिला आणि पहार घातली की चांगलं हेड फुकट जातं.

घाटपांदी

मी डिझेलच्या बाजूने. आमच्या जीपला मॅटाडोर टेम्पोचं डिझेल इंजिन आहे, बरीच वर्षं शेतावर राबतंय. पेट्रोलला लिटरमागे 8-9 किलोमीटर मिळाले तर नशीब, लो गिअरमध्ये तेही नाही. रोजचं काम असेल तर हा खर्च जाणवतो.

लोगिअर

दादा, रोज पन्नास किलोमीटर असते तर मीही तेच म्हटलं असतं. यांची बाग जवळ आहे. माउंटिंग, क्लचची जुळणी, पुढच्या स्प्रिंगपाट्यांवर वाढणारं वजन, वर आरसीत इंधन बदलून घेण्याची पायपीट, एवढ्या पैशात या इंजिनाचं बोअरिंग, क्रँक ग्राइंड, नवे व्हॉल्व सगळं होऊन बरेच उरतील. चालतं मूळ इंजिन काढून टाकायला जीव धजत नाही, हेही खरं.

पार्टची काळजी नको. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड. अमेरिकेतले जुन्या जीपवाले आपल्याकडे बनलेले पार्ट मागवतात.

आरसीबुक

कागदांचं मी सांगतो. इंजिन आणि चेसिस नंबर आरसीशी ताडून बघा, इंधनाच्या रकान्यात पेट्रोलच आहे ना तेही बघा. मध्ये कुणी डिझेल बसवून परत पेट्रोल केलेल्या जीपा असतात. 15 वर्षांनंतरचं पुनर्नोंदणीचं पासिंग कधीपर्यंत आहे ते विचारा.

गाडी 50 वर्षांवरची आहे, म्हणून कुणीतरी ‘व्हीए’ मालिकेतली व्हिंटेज नोंदणी सुचवेल. 2021 च्या नियमांनी ती सोय झाली, पण तशी गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. तुमचा आठवडी बाजार त्यात बसत नाही. साधी नोंदणीच चालू ठेवा.

सड्यावरचा

आरसीवर पेट्रोल आहे, नंबर या वेळी ताडून बघतो. हेड उघडायला मालक तयार झालेत, फोन झाला. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्याने काही होईल का?

लोगिअर

जुने रबरी पाइप आणि पेट्रोल पंपाचा डायफ्राम मऊ पडतो, आधी तेच बदला आणि इथेनॉल सोसणारेच घ्या. कार्बोरेटरच्या जेटची मापं साध्या पेट्रोलची, त्यामुळे मिश्रण थोडं पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) होतं. चढावर गाडी अडखळली किंवा प्लग पांढरे दिसले तर मुख्य जेट एक माप मोठा टाका. पातळ मिश्रणाची आच त्या एक्झॉस्ट व्हॉल्वनाच लागते, म्हणून हे टाळू नका. कोकणातल्या दमट हवेत अर्ध्या टाकीवर गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवली तर इथेनॉल पाणी ओढतं आणि पत्र्याची टाकी आतून गंजते. पावसाळ्यात आठवड्याला एकदा तरी बागेत फिरवून आणा. महागडं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल मात्र घालू नका, एवढ्या कमी कॉम्प्रेशनला त्याचा काही उपयोग नाही.

आणि एअर फिल्टर ऑइल बाथचा (तेलाच्या वाटीत धूळ पकडणारा) आहे का बघा. असेल तर काढून कागदी लावू नका. वाटीतलं ऑइल बदलत राहा, लाल धुळीला तो पुरा पडतो. हेड उघडलं की एक्झॉस्ट सीटांचे फोटो इथे टाका, मग किमतीचं बोलू.